माणगंगेच्या काठानं

साताऱ्याकडची वारी म्हटली की लोकांना लोणंद, चांदोबाचा लिंब, फलटण आठवतं. ती माउलींच्या पालखीची वाट. आमची साठेक माणसांची दिंडी दहिवडीहून निघते, गोंदवले, म्हसवड, दिघंची करत पंढरीला जाते. बरीच वाट माणगंगेच्या सोबतीनं.

ही नदी कुळकजाईकडच्या डोंगरात उगवते. शेजारच्या खटाव तालुक्यातली येरळा दक्षिणेला जाऊन ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, माण मात्र आग्नेयेला भीमेकडे वळते. मधे एक डोंगरसोंड, तेवढ्यानं दोघींची ताटातूट. पुढे रायचूरजवळ भीमा कृष्णेत शिरते, तेव्हाच त्यांचं पाणी एक होतं.

आषाढात पात्र कोरडं होतं. ढग सह्याद्रीतच रिते होतात. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. माणदेशाची भिस्त परतीच्या पावसावर. वीणेकरी अण्णा म्हणाले, "आपली नदी कार्तिकीची वारकरी हाय, माउली. आषाढी तिला साधत न्हाई."

म्हसवडच्या अलीकडं विसाव्याला थांबलो. एक आक्का पात्रात उतरल्या, गुडघे टेकून हातानंच वाळू उकरू लागल्या. हात-दीड हात खोल गेल्यावर तळ ओलावला. आधी गढूळ पाणी आलं. ते त्यांनी वाटीनं उपसून टाकलं, परत भरू दिलं, परत उपसलं. तिसऱ्या खेपेला झिरा नितळ झाला. आम्ही ओंजळीनं प्यायलो. वाळूची चव होती, आणि गारवा असा की दात शिवशिवले.

"पूर्वी वीतभर उकरलं तरी लागायचं," आक्का म्हणाल्या. वाळू हीच या नदीची घागर. पावसाळ्यातलं पाणी ती उन्हापासून झाकून ठेवते, काठच्या विहिरींना पुरवते. पुढं एका ठिकाणी सगळी वाळू उचलून नेलेली, खालचा खडक उघडा पडलेला. तिथं अभंग म्हणता म्हणता माझा आवाजच बसला. अजून ते आठवलं की जीव तुटतो.

म्हसवडला सिद्धनाथाचं दर्शन घेतलं. दिघंचीनंतर आमची वाट महूदकडं गेली, नदी सांगोल्याकडं. मागं वळून किती वेळा पाहिलं असेल!

माण पंढरपूरला येतच नाही. गावाच्या खालच्या अंगाला, सरकोलीजवळ ती भीमेला मिळते. द्वादशीला पारणं सोडून अण्णा, आक्का आणि मी जीपनं तिथं गेलो. भीमा दुथडी वाहत होती. माणच्या पात्रात वरून थेंबही आलेला नव्हता, पण भीमेचंच पाणी तिच्या मुखातून आत, वाळूवर लांबवर चढत गेलं होतं. आक्कांनी चपला काढल्या आणि त्या पाण्यात उतरून नमस्कार केला.