मकबऱ्याचा व्ह्यू आणि टँकरचं पाणी

बुधवार, रात्री

मेंटेनन्सची मीटिंग टँकरवर येऊन तापली.

बेगमपुऱ्याजवळच्या आमच्या इमारतीत बाल्कनीतून बीबी का मकबरा दिसतो. त्या दिसण्याचा चौरस फुटाला वेगळा दर होता, तो आम्ही हसतहसत मोजला. खरं तर मकबऱ्याच्या शंभर मीटरात नवं बांधकाम बंद आणि पुढच्या दोनशे मीटरात परवानगीशिवाय हात लावता येत नाही. नजारा राखतो कायदा, पैसे घेतो बिल्डर!

तर मीटिंग. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आम्ही दोघं म्हातारी. वर बाथटब, आणि पैसे सारखेच?" पेंटहाऊसवाले म्हणाले, सगळ्या सोसायट्यांत असंच असतं. तेव्हा वकीलसाहेबांनी डीड ऑफ डिक्लेरेशन, म्हणजे इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र, उघडून दाखवलं. आपली सोसायटी नाहीच, 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालचं कंडोमिनियम आहे. सामायिक खर्च ज्याच्या-त्याच्या हिश्श्याप्रमाणे. मोठं घर, मोठा वाटा. पेंटहाऊसवाल्यांनी लगेच जिमच्या एसीचा विषय काढला.

पैशाचं मिटेल. पाण्याचं काय? नाथसागर, म्हणजे जायकवाडीचं धरण, पन्नासेक किलोमीटरवर, तिथून पंपानं उपसून आणायचं, आणि नळ येणार कधी ते नळालाच ठाऊक. मलिक अंबरानं याच शहरात डोंगराकडचं जमिनीखालचं पाणी खापरी नळांतून नुसत्या उतारावर खेळवलं; अशा भुयारी पाणवाटेला इथे नहर म्हणतात. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद नहरीच्याच पाण्यावरचा. पाणचक्कीचं जातंही नहरीच्या पाण्यानं फिरायचं. बिल्डरच्या गुळगुळीत माहितीपत्रकात मकबरा आहे, दरवाजे आहेत, पाणचक्कीचा फोटोसुद्धा आहे. नहरीचा उल्लेख नाही. कसा असेल? लोकांनी विचारलं असतं, मग आता पाणी कुठाय?

पाया खोदताना निघालेला एक खापरी तुकडा वॉचमनमामांनी गेटपाशी कुंडीला टेकवून ठेवलाय. मनगट आत जाईल एवढा, एका तोंडाला दुसरा नळ बसावा म्हणून खाच, आतून चुन्याचा पांढरा थर. इंटिरिअरवालीला तो लॉबीत काचेखाली हवाय, वर दिवा सोडून. मी नको म्हणाले. सगळंच सजावटीला लावायचं म्हणजे अतीच झालं.

टँकरची वही उद्यापासून माझ्याकडे. "पूर्ण भरलाय का ते झाकण उघडून बघायचं बरं का, नुसती सही नाही करायची," काकूंनी बजावलंय. सहाला येतो म्हणे. गुडघ्याला पट्टा बांधूनच जावं लागेल.