बोगद्याच्या तोंडाशी जाऊन परत का आलात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आणि आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काहीतरी भयंकर घडलं असेल या आशेने कुणी वाचायला नको. त्या दिवशी मनालीच्या वरचा अटल टनेल बंद झाला नाही. बर्फाचं वादळ आलं नाही. आमच्या रस्त्यावर कुणाची गाडी दरीत गेली नाही. आमच्याच हॉटेलात उतरलेलं नागपूरचं एक कुटुंब, ज्यांची गाडी रांगेत आमच्या मागे होती, रात्री साडेनऊला टनेलपलीकडच्या सिस्सू गावाहून धडधाकट परत आलं. त्यांच्या मुलांचे बर्फात लोळतानाचे व्हिडिओ जेवणाच्या हॉलमध्ये या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. मी तेव्हा धाकट्याला डाळभात भरवत होते. मीही बघितले. छान होते.

तर मी कुणाचा जीव वाचवला वगैरे अजिबात नाही. पण तरीही हा प्रश्न मला हळदीकुंकवाला विचारला गेलाय, सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारला गेलाय, आणि मावससासूबाईंनी तर एका बारशात पाळण्याची दोरी हातात धरून विचारलाय: ‘अगं, एवढा खर्च केलात आणि मुलांना बर्फाला हातसुद्धा लावू दिला नाहीस?’ प्रश्न नेहमी मलाच असतो. गाडीत माझा नवराही होता, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. अर्थात गाडी वळवायला मीच सांगितलं होतं, तेव्हा ते एका परीने बरोबरच आहे.

डिसेंबरातच कशाला गेलात, असं विचारणाऱ्यांच्या घरात बहुधा शाळेत जाणारी मुलं नसतात. दिवाळी सासरी, मे महिना माहेरी आणि लग्नांचा. उरतो नाताळ. आता नाताळात मनालीला बर्फ असतोच असं नाही, हे मला जायच्या आधीही माहीत होतं. तिथला हिवाळ्यातला बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांच्या, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांच्या, भरवशावर, आणि ते आपल्या शाळांच्या सुट्ट्या बघून येत नाहीत. भरघोस बर्फ जानेवारी-फेब्रुवारीतला. त्यातही 2024चा जानेवारी तर जवळजवळ कोरडा गेला, गुलमर्गचे उतारसुद्धा उघडे पडले होते. म्हणजे आम्ही महिनाभर थांबून गेलो असतो तरी फार काही हाती लागलं नसतं. हे मी मावससासूबाईंना समजावून पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘पण टनेलच्या पलीकडे होता ना?’

होता. तीच तर गोम आहे. पूर्वी पलीकडे जायचा रोहतांग घाट, 3,978 मीटर, हिवाळ्यात बंद असायचा. मनालीजवळच्या सोलंगला बर्फ पडला तर पडला, नाही तर मुलांना याकवर बसवायचं, फोटो काढायचा आणि घरी यायचं. कुणी कुणाला जाब विचारत नव्हतं. 3 ऑक्टोबर 2020ला 9.02 किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि पलीकडचं लाहौल खोरं हिवाळ्यातही हाताच्या अंतरावर आलं. मनाली साधारण 2,050 मीटरवर, बोगद्याची तोंडं 3,000 मीटरच्या वर. सकाळी पराठा खाऊन निघायचं, हजार मीटर चढायचं, पलीकडे बर्फात खेळायचं आणि रात्रीच्या जेवणाला परत. बर्फ ही नशिबाची गोष्ट होती, ती बोगद्यामुळे वेळापत्रकातली झाली. माझ्या एक्सेल शीटमध्येही ती होतीच: ‘स्नो डे’, निळ्या रंगात.

आता तो दिवस.

डिसेंबर 2023. त्या जुलैतल्या पुरात बियासने कुल्लू-मनाली रस्त्याचे लचके तोडले होते, त्यामुळे येतानाच वळणं, डायव्हर्जन आणि धक्के यांनी धाकट्याचं पोट ढवळून निघालेलं. त्याला गाडी लागते. आवळासुपारी झाली, आलेपाक झाला, डॉक्टरांनी दिलेलं औषध झालं, तरी लागते. आदल्या रात्री तो खोकत होता. ताप नव्हता. हे ‘ताप नव्हता’ मी मुद्दाम लिहितेय, कारण सांगताना मला कधी कधी ताप होता असं म्हणण्याचा मोह होतो, आणि दोनदा तरी मी तसं म्हटलेलं आहे.

निघायलाच उशीर झाला. मग सोलंगच्या रस्त्याला ती कोट-बुटांची दुकानं लागली. प्रत्येक दुकानावर ठळक नंबर, आणि आपल्या ड्रायव्हरचा नंबर ठरलेला. आमचा ड्रायव्हर कुल्लूकडचा, शांत माणूस, पण तिथे तोही ठरल्या नंबरालाच थांबला. भाड्याचे ते वन-पीस सूट: आतून आधीच्या दहा माणसांच्या घामाचा वास, चेन अर्ध्यावर अडकणारी. धाकट्याच्या मापाचा गमबूट नव्हता. दोन मापं मोठा घेतला आणि आत मोजे कोंबले. मोठीला लाल सूट मिळाला, अगदी बेताचा. तिने तिथेच हातमोजे चढवले. ‘अजून वेळ आहे गं’ म्हटलं तर म्हणाली, ‘असू दे.’

पलचानपासून रांग लागली. सोलंगला जमिनीवर बर्फ नव्हताच, तपकिरी गवत आणि त्यावर घोडे. सगळ्यांची तोंडं बोगद्याकडे. सोलंग मागे टाकून बोगद्याच्या तोंडाजवळच्या धुंदी या ठिकाणाच्या अलीकडे पोचलो तोवर अडीच वाजून गेले होते आणि ऊन डोंगराआड गेलं होतं. डोंगरात दुपार अशी अचानक संपते, हे इथे ठाण्यात बसून कळत नाही. गाडी पाच मिनिटं सरकायची, वीस मिनिटं थांबायची. थांबली की ड्रायव्हर इंजिन बंद करायचा, आणि इंजिन बंद म्हणजे हीटर बंद.

एका सावलीतल्या वळणावर पुढची छोटी गाडी चढेना. चाकं जागच्या जागी फिरली आणि ती हातभर मागे घसरली, आमच्याच दिशेने. दोघं-तिघं धावले, चाकांमागे दगड लावले. आमचा ड्रायव्हर उतरला, बुटाचा तळवा रस्त्यावर घासून आला आणि म्हणाला, ‘पाला है. दिन में पिघला नहीं, शाम को और जमेगा.’ पाला म्हणजे रस्त्यावर गोठलेलं दव.

नवऱ्याने विचारलं, पण पोचू ना?

‘पहुँच तो जाएँगे सर. लौटेंगे कितने बजे, वो मैं नहीं बोल सकता.’

या एका वाक्यावर आमच्या घरात आजही दोन तट आहेत. नवऱ्याच्या मते तो माणूस ‘पोचू’ म्हणाला. माझ्या मते तो ‘परतायचं सांगता येत नाही’ म्हणाला. दोघंही खरं बोलतोय.

तेवढ्यात धाकट्याने उलटी केली. भाड्याच्या सूटवर, आतल्या स्वेटरवर, माझ्या मांडीवर. पिशवीत एक जादा स्वेटर होता, तो घातला, तर पुन्हा. मग त्याला माझ्या शालीत गुंडाळलं. बोटं गार. पेंगत होता, उठवलं की किरकिरत होता. गाडी लागल्यावर तो नेहमीच पेंगतो, हे मला माहीत होतं, आणि उंचीवर लहान मूल पेंगुळलं तर ते गाडी लागल्यामुळे की विरळ हवेमुळे हे गाडीत बसून ओळखता येत नाही, हेही माहीत होतं. सासूबाई मधल्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. त्यांना विचारलं तर ‘तुम्ही ठरवा’ एवढंच. नवरा म्हणाला, ‘अर्धा तास बघू. पलीकडे पोचलो की हॉटेलं आहेत, गरम काहीतरी मिळेल.’ मी म्हटलं, आणि परतताना हेच वळण अंधारात उतरायचं. तो म्हणाला, एवढे लोक चाललेत ते वेडे आहेत का?

मी उत्तर दिलं नाही. ड्रायव्हरला म्हटलं, ‘भैया, मोड़ लीजिए.’

त्या रस्त्यावर गाडी वळवणं म्हणजे दहा जणांच्या शिव्या खाणं. पुढे-मागे, पुढे-मागे करत ती आडवी झाली, तेव्हा मोठीची खिडकी नेमकी वरच्या बाजूला आली. बर्फ होता तिथे, पांढराशुभ्र, डोंगराच्या माथ्यावर. ती म्हणाली, ‘आई, आपण इथे उतरून चालत नाही का जाऊ शकत?’ मी नाही म्हटलं. मग ती काही बोलली नाही. रडलीही नाही, रडली असती तर बरं झालं असतं. तिने हातमोजे काढायला घेतले. एकेक बोट टोकाला धरून ओढायची, मग पुढचं. दोन्ही निघाले तेव्हा एकावर एक ठेवले, घडी घातली आणि पुढच्या सीटच्या खिशात सारले. खाली नेहरू कुंडापर्यंत तिने ते हात मांडीवर उताणे ठेवले होते.

दुकानदाराने सूट धुण्याचे वेगळे पैसे घेतले. मुकाट्याने दिले.

दुसऱ्या दिवशी धाकटा ठणठणीत. खोकलासुद्धा कमी. यावरही मला ऐकवण्यात आलेलं आहे. आम्ही देवदारांतलं हडिंबेचं देऊळ बघितलं, 1553 सालचं, लाकडी. सासूबाईंनी वशिष्ठला गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडले आणि उठायलाच तयार होईनात. सिड्डू, म्हणजे तिकडची वाफवलेली सारणाची रोटी, वरून तूप ओतून खाल्ला. सासूबाईंना विचाराल तर ही त्यांच्या आयुष्यातली उत्तम सहल होती, पण त्यांना कुणी विचारत नाही.

आणि आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते. जानेवारीत शाळा सुरू झाली. सुट्टीत काय केलं, हे वर्गात सांगायचं होतं. मोठीने सांगितलं की आम्ही बर्फाचा माणूस केला आणि त्याला गाजराचं नाक लावलं. हे मला तिच्या मैत्रिणीच्या आईच्या फोनवरून कळलं. तिला प्लॅन करायचा होता, एवढा बर्फ नक्की कुठे मिळाला? मी म्हटलं, ‘टनेलच्या पलीकडे. सिस्सूला.’ फोन ठेवला, आणि मोठीशी यावर एक अक्षर बोलले नाही. ती मैत्रीण आणि तिची आई हे वाचतील. वाचू दे.

त्याच नाताळात लाहौलमध्ये एका महाभागाने ट्रॅफिक टाळायला थार जीप सरळ चंद्रा नदीत घातली होती. व्हिडिओ देशभर फिरला, पोलिसांनी दंड केला. मी तो आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. काही उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी, 2024च्या नाताळात, खरोखरचा बर्फ पडला आणि सोलंग ते टनेल हजारभर गाड्या अडकल्या, पोलिसांना रात्री माणसं काढावी लागली. ती बातमी नवऱ्याने मला पाठवली, खाली एक शब्दही न लिहिता. मला बरं वाटलं. मग थंडीत गाडीत बसलेल्या पोराबाळांच्या जिवावर बरं वाटून घेतेय याची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर 2024चा बर्फ 2023च्या कोरड्या दुपारची साक्ष द्यायला येऊ शकत नाही. मी परत फिरले तेव्हा मला जेवढं दिसत होतं तेवढ्यावर फिरले.

पण ऑक्टोबरातली मी, ती शीट करणारी, हे मान्य करत नाही. ती म्हणते, बाई, तू थर्मल आणलेस, सुती मोजे नकोत म्हणून लोकरीचे शोधलेस, वाटेत मंडी शहरात मुद्दाम मुक्काम ठेवलास, हॉटेलवाल्याशी हीटरच्या वेगळ्या पैशांवरून भांडलीस, आणि ज्यासाठी हे सगळं केलं त्याच्या अलीकडे एका उलटीवरून गाडी वळवलीस. मी तिला म्हणते, तुझ्या शीटमध्ये परतीच्या वळणाला रकाना नव्हता. ती म्हणते, नागपूरवाले आले ना परत? इथे माझ्याकडे उत्तर नाही. आले. हसत आले.

ज्यांना खरोखर प्लॅन हवाय त्यांच्यासाठी: बोगद्याला जायचं तर सकाळी सातला निघा आणि दुपारी दोनला पलीकडून खाली वळा. बर्फ पडत असेल तर नेहरू कुंडापुढे फोर-बाय-फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात, तिथे पोलिसांशी हुज्जत घालू नका. लहान मुलाचे कपडे तीन जोड न्या, दोन नाही.

यंदा नवरा गुलमर्ग म्हणतोय, फेब्रुवारीत, शाळा बुडवून. शाळा परवानगी देईल असं वाटत नाही, आणि तिथला गंडोला, म्हणजे रोपवे, थेट 3,900 मीटरच्या वर नेतो हे त्याने वाचलेलं नाही, किंवा वाचून मला सांगितलेलं नाही. मोठीला विचारलं तर म्हणाली, ‘तुम्ही दोघं आधी ठरवा, मग मला सांगा.’ अजून ठरलेलं नाही.