बसल्या जागी

निपाणीच्या बाजारात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, स्टँडवर गाडीची वाट बघताना, कुठंही गाठतात आणि विचारतात, "गुरुजी, तुमी माळकरी, अंगावर मांस न्हाई, रोज चालताय. तुमास्नी कसा काय ओ अ‍ॅटॅक आला?" चार वर्षं झाली, विचारणारे दमत नाहीत. एकदा सगळं सांगून टाकतो.

आधी विचारणाऱ्याबद्दल. त्याला माझी काळजी असते, खोटं नाही. पण मी असं एखादं कारण सांगावं, जे त्याच्यात नाही, हीही त्याची इच्छा असते. २९ ऑक्टोबर २०२१ ला कन्नड सिनेमाचा हिरो पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी हार्ट अ‍ॅटॅकनं गेला, तेव्हा आमच्या गल्लीनं आठवडाभर जिमला शिव्या घातल्या. गल्लीतलं कुणीच जिमला जात नव्हतं.

माझं एकच कारण नव्हतं. पहिली तंबाखू. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला, घरात त्या वासाशिवाय झोप लागायची नाही. माळ घातली तेव्हा मटण सुटलं, चंची सुटली नाही. बिडी ओढत नाही, नुसता बार लावतो, मग छातीला काय होणार, असं माझं गणित. निकोटीन गालातूनही रक्तात उतरतं आणि नाडी, रक्तदाब दोन्ही चढवतं, हे नंतर कळलं. दुसरी साखर. ती तर आयसीयूतच सापडली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ८.१ निघाली, साडेसहा किंवा त्याच्या वर गेली की मधुमेह. बारीक माणसाला साखर होत नाही, असं मी वर्गात पोरांनाही सांगितलं असेन. हातपाय काड्या, पण कंबर ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांत ९० च्या पुढं धोका धरतात. आणि कोलेस्टेरॉल मटणातूनच येतं असं नाही, बरंचसं आपलं यकृतच बनवतं.

२००४ साली ५२ देशांतल्या माणसांवरचा इंटरहार्ट नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर, पोटाचा घेर, मनावरचा ताण, दारू, फळं-भाज्या कमी आणि हालचाल कमी, या नऊ गोष्टींत हार्ट अ‍ॅटॅकच्या धोक्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त हिशोब लागतो, असं त्यात निघालं. आपल्या दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाचसहा वर्षं आधी येतो, हेही त्यातच दिसलं.

"पण गुरुजी, दिवाळीत तुमचा ईसीजी नॉर्मल होता की!" होता. पाईपात गाळ साचत साचत एक दिवस पाईप बंद, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. पुष्कळदा तसं होत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साठून गळवासारखं तयार होतं. ते लहान असेल तर रक्त आरामात वाहतं, ईसीजीत काही दिसत नाही, जिना चढताना धापही लागत नाही. एक दिवस त्याच्यावरची पातळ साय फाटते. शरीराला वाटतं जखम झाली, म्हणून तिथं रक्त गोठतं, आणि काल मोकळी असलेली वाट काही मिनिटांत बंद होते. पुढचा स्नायू अर्ध्या तासात मरायला लागतो.

माझी पहाट अशी गेली. साडेपाचला जबडा दुखायला लागला. छाती नव्हे, जबडा. मग दोन्ही दंडांत जडपणा. डिसेंबरची थंडी आणि बनियन पिळून काढावा इतका घाम. मी ओवा चावला, वर इनो घेतला. गल्लीजवळच्या दवाखान्यात गॅसचं इंजेक्शन मिळालं, ईसीजी नाही. आठ वाजता जावयानं गाडी काढली, तर हायवेला लागताना वाद. कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट, पण निपाणी कर्नाटकात, त्यामुळं उपचाराचं सरकारी कार्ड कर्नाटकाचं. सीमेवर राहणाऱ्याचा अ‍ॅटॅकही सीमेवर अडतो. शेवटी बेळगाव. तोवर हृदयाचा एक कोपरा गेला तो गेलाच. आज जिना चढताना मधे थांबतो ते त्यामुळं. आता पुनीतच्याच नावाच्या सरकारी योजनेत तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढतात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन फुकट देतात. जबडा, दंड, पाठ, काहीही दुखून गार घाम सुटला तर ओवा शोधू नका, तिथं जा. बायकांना आणि साखरवाल्यांना तर कधी कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो.

आणि ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. आयसीयूच्या दारात डॉक्टरांनी बायकोला विचारलं, "घरात कुणाला हार्टचा त्रास?" ती म्हणाली, नाही. खोटं बोलली नाही ती. माझे वडील ५१ व्या वर्षी वखारीत गेले. दुपारी पोत्याला टेकून बसले, एकानं चहा पुढं केला तर हात उठेना. लोक म्हणाले, माळकरी माणूस, बसल्या जागी गेला, कुणाकडून पाणी मागून घेतलं नाही, पुण्याईचं मरण. आम्हीही तेच म्हणत आलो. बाप किंवा भाऊ ५५ च्या आत हृदयानं गेला असेल, तर तो आपल्याही खात्यावर धोका म्हणून लिहितात. आमच्याकडं तो पुण्याईच्या खात्यावर लिहिला होता.

घरी आल्यावर संकेश्वरच्या बहिणीला फोन केला, तपासून घे म्हटलं. "आमच्यात हार्ट कुठाय रे, दादा? बाबा तर बसल्या जागी गेले." महिनाभर मागं लागलो, तेव्हा गेली. बीपी १६८/१०२. गोळी चालू आहे, मीठ कमी केलंय म्हणते, लोणच्याची बरणी मात्र मी पाहिली आहे.

परवा तिनंच विचारलं, आजोबा कसे गेले रे? मला ठाऊक नाही. घरात एवढंच सांगतात की भजनात, हातात टाळ असताना.