डाळिंबाची साल आणि जंतांची अंडी

आज दिवसभर शेळीच्या लेंड्या गाळणं चाललं होतं. डाळिंबाच्या मुळाच्या सालीचा अर्क जंतांची अंडी फुटू देतो का, हे बघायचंय.

सोलापूरच्या उन्हात घोळ होतो तो नमुन्यातच. लेंड्या जमिनीवरच्या नकोत, थेट गुदाशयातून घ्या आणि ३ तासांच्या आत अंडी वेगळी करून अर्कात टाका. उशीर झाला की अंड्यात अळी वाढू लागते, मग तुलनेला ठेवलेलं थायाबेंडाझोल हे जंतनाशक औषधसुद्धा लंगडं पडतं.

प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये (छोट्या खळग्यात) साधारण १०० अंडी, २७ अंशांवर ४८ तास, मग अंडी फुटणं थांबवायला ल्यूगॉल आयोडीनचा थेंब आणि मोजणी. शेजारी नुसतं पाणी आणि नुसतं द्रावक, दोन्ही हवंच. नाहीतर डीएमएसओने, म्हणजे अर्क विरघळवणाऱ्या द्रावकाने, मारलेली अंडी डाळिंबाच्या खात्यावर जमा होतात!

जंतांऐवजी गांडुळावर अर्क तपासायचा प्रयोग स्वस्त आणि झटपट, पण गांडूळ काही आतड्यात राहत नाही. आणि घरी कुणी साल उकळू नका, तिच्यातल्या पेलेटिएरीन या घटकाची मात्रा जास्त झाली तर चक्कर येते, नजर अधू होते.

सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, ते प्रथिनांना चिकटतं. म्हणून पीव्हीपीपी ही टॅनिन धरून ठेवणारी पूड घालून टॅनिन काढलेला अर्कही जोडीला लावलाय. त्यात गुण कमी झाला, तर काम टॅनिनचंच.