सात लाखांचं बजेट आणि विंचवाचा लोगो

ज्यांची जुनी गाडी बघायला जायचं होतं त्या कोल्हापूरच्या काकांना आदल्या रात्री फोन करून मी एकच गोष्ट मागितली होती, उद्या आम्ही येईपर्यंत गाडीला चावी लावू नका. ते म्हणाले, "न्हाई लावत, निवांत या." सकाळी सव्वानऊला शिरोली एमआयडीसीत त्यांच्या फाउंड्रीवर पोचलो, आणि नमस्कार वगैरे व्हायच्या आधीच बापूंनी (आमचे मेकॅनिक, पुण्याहून माझ्याबरोबर आले होते) बॉनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. थंडगार. पाच महिन्यांत असं पहिल्यांदा घडत होतं.

तर गाडी होती फियाट अबार्थ पुंटो, म्हणजे साध्या पुंटोची टर्बो पेट्रोल, वेगवान आवृत्ती, 2016 ची, 58 हजार किलोमीटर चाललेली. पण तिच्यापर्यंत कसा आलो ते आधी सांगतो, कारण हौसेसाठी जुनी गाडी घ्यायची म्हणून मला विचारणारे बरेच जण थेट "कुठली घेऊ" असं विचारतात आणि माझ्या मते तो प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न हा की घेतल्यानंतर पहिल्या वर्षी तिच्यावर किती घालू शकतोस.

माझ्याकडे सात लाख होते, साठवलेले, लोन काढायचं नाही हे घरात ठरलेलं. रोजच्या ऑफिसला सीएनजी गाडी आहेच, ही हवी होती ती रविवारी पहाटे ताम्हिणी किंवा वरंध घाटात जाऊन यायला. मॅन्युअल गिअर, टर्बो पेट्रोल आणि मागे मुलाला बसायला जागा, एवढ्या तीन अटी. बापूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की सातातले साडेपाच गाडीला धर आणि दीड बाजूला ठेव, त्याला हात लावायचा नाही. मला तेव्हा हे फार वाटलं होतं. आता वाटत नाही.

पहिला महिना बारा-पंधरा लाखांच्या जुन्या जर्मन टू-सीटर बघण्यात गेला, नुसतं स्क्रीनवर. मूळ किंमत पन्नास लाखांच्या घरातली गाडी एवढ्यात मिळतेय म्हटल्यावर मन तिकडे ओढलं जातंच, थोडं लोन काढू असाही विचार येऊन गेला. पण गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. तिचा सस्पेन्शनचा एक पार्ट अजूनही पन्नास लाखांच्या गाडीचाच असतो, वर तो मागवायला महिना जातो. ते सोडलं. मग स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, 2017 ला आलेली, 230 पीएस (ताकदीचं माप, बीएचपीच्या जवळपास सारखंच), सहा गिअरची वेट क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). माझ्या मते आपल्याकडे विकल्या गेलेल्या सगळ्यात शहाण्या वेगवान गाड्यांपैकी एक, डिकीत घरभर सामान बसतं. पण ती सेकंडहँडमध्येही माझ्या बजेटच्या तिपटीच्या आसपास, आणि 2020 ची आरएस 245 तर भारतात 200 च आल्या, तिचं नावच नको. त्याआधीची स्कोडा लॉरा व्हीआरएस, 1.8 टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन), 160 पीएस, सहा गिअर मॅन्युअल, ही बजेटमध्ये बसत होती आणि मन खूप होतं. पण त्या काळच्या 1.8 टीएसआयला ऑइल पिण्याची आणि टायमिंग चेन (इंजिनच्या आतल्या हालचाली वेळेवर जुळवणारी साखळी) ताणून धरणाऱ्या टेन्शनरची तक्रार जगभर होती, आणि दहा-बारा वर्षांची गाडी म्हणजे हे काम झालंय का याचा कागद पाहिजे. तीन मालकांशी बोललो, कागद कोणाकडेच नव्हता. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय 105 पीएसची, चालवायला गोड, पण तिला सात गिअरची ड्राय क्लच डीएसजीच, मॅन्युअल नाही, म्हणून बाद.

राहिली अबार्थ. ऑक्टोबर 2015 ला आली तेव्हा एक्स शोरूम 9.95 लाख, 1.4 टी-जेट इंजिन, 145 बीएचपी, 212 एनएम टॉर्क, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. आजच्या फोक्सवॅगन वर्टस जीटीचं 1.5 टीएसआय 150 पीएसचं आहे, म्हणजे बघा दहा लाखांच्या आत तेव्हा काय मिळत होतं. आणि बनली कुठे, तर आपल्या रांजणगावला. लोगोवर विंचू का, तर 1949 ला कंपनी काढणाऱ्या कार्लो अबार्थचा जन्म 15 नोव्हेंबरचा, रास वृश्चिक. फियाटने इथल्या गाड्या बंद केल्या, त्यामुळे लोक घाबरतात आणि किंमत खाली राहते, ते आमच्यासारख्यांच्या पथ्यावर पडतं. पण भीती अगदीच खोटी नाही. झिजणारे बरेचसे पार्ट साध्या पुंटोचेच आहेत आणि ते मिळतात, बंपर, अलॉय, सीट असं खास अबार्थचं काही गेलं की मात्र शोधत बसावं लागतं. म्हणून अपघात न झालेली, पूर्ण मूळ गाडी पाहिजे, या एका अटीवर मी हटून बसलो.

मग पाच महिने ती शोधण्यात गेले. ठाण्यातली एक, फोटोत देखणी, गेलो तर मालक म्हणाले "आत्ताच धुवून एक चक्कर मारून आणली". बॉनेट गरम. थंड इंजिन सुरू होताना जे आवाज येतात, जो धूर येतो, तो पाच मिनिटांनी गायब होतो आणि नेमकं तेच आपल्याला बघायचं असतं. दुसरी नवी मुंबईत, तिथे बापूंनी फक्त इग्निशन ऑन केलं आणि मला म्हणाले एअरबॅगचा दिवा बघ. तो दिवा आधी लागून मग विझायला हवा, इथे लागलाच नाही. म्हणजे एअरबॅग एकदा उघडलीय आणि दिवाच काढून टाकलाय अशी दाट शंका. पुढचं काही बघितलंच नाही. तिसरी पुण्यातलीच, स्टेज 2 रीमॅप केलेली, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली, मालक हौशी आणि बोलायला प्रामाणिक मुलगा, पण मॅप कोणी केला, मूळ फाइल कुठे, याला उत्तर नाही. बापूंनी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, एकही फॉल्ट कोड नाही. मी खूश. ते म्हणाले थांब, रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारी यादी) बघ, सगळे अपूर्ण दाखवतायत, म्हणजे कोड आज सकाळीच कोणीतरी पुसलेत. स्कॅनर हजार-दोन हजारात मिळतो, घ्याच, पण नुसतं "कोड नाहीत" यावर विसंबू नका. पुसून झाल्यावर गाडी थोडी चालली की मगच ते मॉनिटर एकेक करून पूर्ण होतात.

आणि एक, कोणाला फारसं सुचत नाही ते. गाडीच्या नंबरवर ई-चलन बघा. फक्त बाकी किती यासाठी नाही, कशाची आहेत त्यासाठी. एका गाडीवर एक्सप्रेसवेवर स्पीडची चलनं रांगेने होती आणि मालक म्हणत होते फॅमिली युज.

तर कोल्हापूर. काका पन्नाशीच्या पुढचे, स्वतःची फाउंड्री. चहा आला आणि चहाबरोबर एक निळी लाँगबुक वही आली. त्यांच्याकडे प्रत्येक मशीनचं हिस्ट्री कार्ड असतं, कधी ग्रीसिंग केलं, कधी बेअरिंग बदललं, तशीच ही गाडीची वही, पहिल्या दिवसापासून. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती लागले, बिल मागे स्टेपल. दर सात-आठ हजाराला ऑइल. 31 हजारला पुढचे ब्रेक पॅड. 44 हजारला कूलंट. एका ओळीत लिहिलेलं, "पोराने भिंतीला घासली, मागचा डावा दरवाजा पेंट". मी हे वाचलं आणि मनात ठरवून टाकलं, पण बापूंनी डोळ्यानेच गप्प बस म्हणून खुणावलं.

मग दोन तास तपासणी. स्टार्ट केली, मी मागे उभा राहून धूर बघत होतो, थोडी वाफ आणि बस. पाच मिनिटं आयडल ठेवून एकदम रेस दिली, टर्बोचं सील गेलेलं असेल तर तेव्हा निळा धूर येतो, नाही आला. ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय नाही. पेंटची जाडी मोजायच्या मशीनने सगळीकडे एकसारखे आकडे, फक्त मागच्या डाव्या दरवाजाला जास्त, म्हणजे वही खरं बोलतेय. हा क्षण माझ्यासाठी सगळ्यात मोठा होता, वहीतली एक गोष्ट गाडीवर जशीच्या तशी सापडली की बाकीच्या ओळींवरही विश्वास बसतो. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष, चारही 2019 चे निघाले, खाचांची खोली भरपूर पण रबर कडक, बाजूला बारीक भेगा. बदलावे लागणार. पुढच्या बंपरखाली घासल्याच्या खुणा होत्या, 155 एमएम ग्राउंड क्लिअरन्स आणि आपले स्पीडब्रेकर, ते चालायचंच. गाडी वर घेतल्यावर लोअर आर्मचे (सस्पेन्शनचा खालचा दांडा) रबरी बुश फाटलेले दिसले. आणि वहीत कुठेही टायमिंग बेल्ट नव्हता. या इंजिनला चेन नाही, बेल्ट आहे, आणि रबर नुसतं किलोमीटरने नाही तर वयानेही जातं, नऊ वर्षं झाली म्हणजे ते पहिलं काम. बेल्ट तुटला तर इंजिनचं मोठं काम निघतं.

टेस्ट ड्राइव्ह पन्हाळ्याच्या रस्त्याला, वाघबीळच्या पुढे चढ लागतो तिथपर्यंत. बापूंनी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी हळू करून एकदम फुल थ्रॉटल द्यायला लावलं, क्लच घसरत असेल तर आरपीएम वर जातो आणि स्पीड जात नाही. दोन्ही बरोबर चढले. दोन हजारच्या खाली ती अगदी साधी पुंटो असते, दोन हजारला टर्बो भरतो आणि मग जी काय ढकलते, आणि ते जड हायड्रॉलिक स्टिअरिंग, रस्त्यावरची खडी हातात कळते. मी दोन वर्षं या गाडीबद्दल वाचत होतो, वळणावर ती पहिल्यांदा वळवली तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं. काका मागच्या सीटवरून म्हणाले, "दाबा की राव, तिला सवय हाय."

भाव सव्वासहा सांगितला होता. मी घासाघीस केली नाही, कागदावर टायर, आर्म, बेल्टचा खर्च लिहून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी दोन मिनिटं वाचलं, बेल्टच्या ओळीवर बोट ठेवून "हे माझ्याकडनं राहिलं खरं" म्हणाले आणि 5.70 ला हो म्हणाले. ठरवल्यापेक्षा वीस हजार जास्त गेले, पण त्या वहीसाठी मी ते आनंदाने दिले.

कागदांना मात्र महिना गेला. त्यांचं लोन कधीच फिटलं होतं पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) होती पण तिची मुदत संपलेली, नवीन काढायला लावली, मग फॉर्म 35 भरून बँकेचं नाव काढलं, त्यानंतर फॉर्म 29 आणि 30 वर मालकी ट्रान्स्फर. हे आधी तपासा, मी टोकन दिल्यावर तपासलं, ती माझी चूक. गाडी एप्रिल 2019 च्या आधीची असल्यामुळे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेटही लावून घ्यायची होती, त्यात आठवडा गेला. राज्यातल्या राज्यात असल्याने टॅक्सची भानगड नाही, नंबर एमएच 09 च राहिला. दिल्ली-बंगळुरूची गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथे रजिस्ट्रेशन आणि इथला रोड टॅक्स धरला की ती स्वस्ताई बरीचशी संपते. इन्शुरन्स 14 दिवसांत आपल्या नावावर करायला टाका, आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतात. आणि गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहून दोघांच्या सह्या घ्या, त्या मिनिटानंतरचं चलन तुमचं.

राखून ठेवलेले पैसे कसे गेले तेही सांगतो. चार टायर 34 हजार. बेल्ट, टेन्शनर आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप मिळून 19 हजार, पंप चांगला होता तरी बदलला कारण परत तेवढंच उघडायचं नाही. लोअर आर्मची जोडी 11 हजार. ब्रेक फ्लुइड, गिअर ऑइल, प्लग, फिल्टर साडेनऊ. इन्शुरन्स आणि आरटीओ धरून लाखाच्या जवळ गेलो. बापू साडेपाच म्हणाले नसते तर मी पूर्ण सातची गाडी घेतली असती आणि नऊ वर्षांच्या बेल्टवर घाट चढत बसलो असतो.

काकांनी वही गाडीबरोबरच दिली. बेल्ट बदलला त्या दिवशी मी त्यांच्या शेवटच्या ओळीखाली तारीख, 58,640 आणि बिलाचा आकडा लिहिला आणि पानाचा फोटो त्यांना पाठवला. रात्री फोन आला. गाडी कशी आहे हे त्यांनी विचारलंच नाही, जुना बेल्ट कसा निघाला ते विचारलं. मी सांगितलं, दोन ठिकाणी भेगा होत्या. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "बरं झालं वेळेत निघाला. गिअर ऑइल बी लिहून ठेवा त्यात."