झेंडा सत्याग्रहातले ‘मोठे बाबा’

आमच्या घरी दर 15 ऑगस्टला एक हकिकत सांगितली जात असे. मोठे बाबा, म्हणजे माझे पणजोबा, 1923च्या झेंडा सत्याग्रहात नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे झेंडा नेण्यास बंदी असलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीत, तिरंगा घेऊन शिरताना पकडले गेले आणि त्यांनी तुरुंगवास भोगला. वडील गेल्यानंतर ही हकिकत पुराव्यांसह लिहून ठेवावी, असे मी ठरवले.

सत्याग्रहाचा काळ निश्चित होता. 1 मे रोजी तो सुरू झाला, जमनालाल बजाज यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली आणि 18 ऑगस्टला सिव्हिल लाइन्समधून झेंड्याची मिरवणूक निघाल्यावर तो संपला. उरले होते ते पणजोबांचे वय. त्यासाठी शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा मिळवला. त्यात जन्मसाल 1912 निघाले. त्या काळी गुरुजी पुष्कळदा अंदाजाने जन्मतारीख लिहीत, म्हणून तहसील कार्यालयात कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, नकलेसाठी अर्ज केला. ज्यांनी जात पडताळणीसाठी जुन्या नोंदी शोधल्या आहेत, त्यांना हे बुक परिचयाचे असेल. त्यात बाळाचे नाव सहसा नसते. बापाचे नाव आणि पुढे ‘मुलगा झाला’ एवढेच असते, त्यामुळे नोंद कोणत्या मुलाची हे शाळेच्या तारखेशी पडताळूनच ठरवावे लागते. कडा झिजलेल्या त्या पानावर खापरपणजोबांचे नाव होते आणि साल 1912च होते. म्हणजे सत्याग्रहाच्या वेळी पणजोबा जेमतेम अकरा वर्षांचे होते.

ती नक्कल घेऊन मी नागपूरच्या महाल भागात आत्याआजीकडे, म्हणजे पणजोबांच्या थोरल्या लेकीकडे गेले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “अगं, तुझे पणजोबा माझे बाबा. मोठे बाबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ.” आमच्याकडे वडिलांच्या मोठ्या भावाला मोठे बाबाच म्हणतात. पुढे नातवंडे पणजोबांनाही त्याच नावाने हाक मारू लागली आणि आत्याआजींनी सांगितलेली काकांची गोष्ट आम्ही पणजोबांची म्हणून ऐकत आलो.

त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून एक पोस्टकार्ड निघाले. तुरुंगाचा शिक्का फिकट झाला होता, पण जुलै 1923 वाचता येत होते. पेन्सिलीने लिहिलेल्या मजकुरात सत्याग्रहाबद्दल एक अक्षरही नव्हते. शेतीची चौकशी होती आणि ‘धाकट्याची शाळा बंद करू नये’ अशी विनवणी होती. तो धाकटा म्हणजे माझे पणजोबा. ते पुढे शिक्षक झाले.

आमच्या वंशावळीत मोठ्या बाबांच्या नावापुढे आजवर ‘निःसंतान’ एवढाच शब्द होता, आणि तो वाचून मला फार वाईट वाटले. आता मी तिथे सत्याग्रहाचे साल, तुरुंगवास आणि पोस्टकार्डातील ते वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहिले आहे. त्याची प्रत सगळ्या चुलत-आते भावंडांकडे पोहोचवली असून मूळ कार्ड आत्याआजींच्या पेटीतच ठेवले आहे.