तहानेवरचे लेख शोधताना

डायलिसिसवरच्या रुग्णांना पाणी मोजून प्यावे लागते, तेव्हा ते तहान कशी सोसतात, हा माझ्या एका एमएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा विषय आहे. गेल्या आठवड्यात परळच्या आमच्या ग्रंथालयात ती सिनाल या नर्सिंगच्या डेटाबेसमध्ये शोध घेत होती. तिने हिमोडायलिसिस, तहान आणि क्वालिटेटिव्ह, म्हणजे आकड्यांऐवजी अनुभवांवर आधारलेले, गुणात्मक, हे शब्द इंग्रजीत टाकले, मोजकेच लेख आले, आणि "मॅडम, या विषयावर गुणात्मक काम झालेलेच नाही," असे वाक्य तिने प्रबंधाच्या मसुद्यात लिहूनही टाकले.

ते वाक्य मला मान्य नव्हते. संख्यात्मक अभ्यास बहुधा शीर्षकातच ओळख देतो; दोन डायलिसिसमधली वजनवाढ, चाचणी, तुलना असे शब्द तिथे असतात. गुणात्मक लेखाच्या शीर्षकात मात्र पुष्कळदा रुग्णाच्या तोंडचे एखादे वाक्य असते आणि सारांशात नुसते 'मुलाखती' किंवा 'अनुभव' एवढेच येते. म्हणून कीवर्डच्या जोडीला विषयशीर्षके, म्हणजे डेटाबेसने प्रत्येक लेखाला लावलेली ठरावीक नावे, हवीत. सिनालमध्ये लेखाला पद्धतीचे सर्वांत नेमके शीर्षक लावलेले असते, त्यामुळे फिनॉमिनॉलॉजी किंवा ग्राउंडेड थिअरी अशा एखाद्या गुणात्मक पद्धतीचा लेख आपापल्या शीर्षकाखाली जातो आणि 'क्वालिटेटिव्ह स्टडीज' या वरच्या शीर्षकाखाली तो 'एक्स्प्लोड'ची, म्हणजे खालची शीर्षकेही शोधात घेण्याची, खूण केल्याशिवाय हाती लागत नाही. परिचारिकांच्या कामाला धरून घडवलेली ही शीर्षके मला फार मोलाची वाटतात. लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयातील ग्रंथपाल एला क्रँडॉल यांनी १९४० च्या दशकात कार्डांवर सुरू केलेली सिनालची मूळ सूची १९६१ मध्ये छापून निघाली.

पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये आणखी एक अडचण येते. तिथल्या विषयशीर्षकांत, म्हणजे 'मेश'मध्ये, 'क्वालिटेटिव्ह रिसर्च' २००३ मध्ये आले, त्यामुळे त्याआधीच्या लेखांसाठी मुलाखत, फोकस ग्रुप हे शब्दच 'ऑर'ने ('किंवा'ने) जोडावे लागतात. संख्यात्मक लेख वगळण्यासाठी 'नॉट' ('नको') वापरू नये, कारण दोन्ही पद्धती एकत्र वापरणारे मिश्र पद्धतीचे लेखही त्याबरोबर गळतात.

तिने सिनालमध्ये 'एक्स्प्लोड'ची खूण करून पुन्हा शोध घेतला, तेव्हा यादी बरीच लांबली. ती वाचता वाचता तिला वॉर्डातले एक रिक्षावाले काका आठवले, जे बर्फाचा खडा जिभेखाली धरून भिंतीकडे तोंड करून बसत. वजनाच्या तक्त्यात त्यांचे किलो दिसत होते, पण तो बर्फ कुठेच नव्हता. निघण्यापूर्वी तिने शोधाची प्रत्येक ओळ तारखेसह वहीत उतरवली आणि मसुद्यातले ते वाक्य खोडले.